बांधीव बाथटब: तोटीची जागा आणि दुरुस्तीची वाट

दोन किंवा तीन बाजूंनी भिंतीला भिडवून बसवलेला आणि उरलेल्या बाजूने वीटकाम, फरशी किंवा ग्रॅनाइट लावून बंद केलेला टब म्हणजे बांधीव बाथटब. पायांवर उभा राहणारा सुटा टब गरज पडल्यास सरकवता येतो, खाली वाकून त्याचे पाइप पाहता येतात. बांधीव टबाचे पोट मात्र एकदा फरशी लागली की कायमचे बंद होते. गरम-गार पाण्याचे पाइप, त्यांचे सांधे, टबाच्या तळाचा वेस्ट, वरच्या कडेखालचा ओव्हरफ्लो, ट्रॅप आणि तिथून डक्टकडे जाणारी लाइन या साऱ्या गोष्टी भिंतीत किंवा टबाखाली जातात. म्हणून टब घेण्याआधी नाही, तर निदान फरशी लावण्याआधी तरी दोन प्रश्नांची उत्तरे नकाशावर हवीत. पाणी टबात कुठून पडणार, आणि गळती लागली की प्लंबरचा हात तिथपर्यंत कसा पोहोचणार? बहुतेक घरांत पहिल्या प्रश्नावर बरीच चर्चा होते, दुसरा मात्र वर्षा-दोन वर्षांनी खालच्या खोलीच्या छताला ओल आली की आठवतो. खरे तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवले, तर पहिल्याचे जवळजवळ आपोआप मिळते.

कोल्हापूरच्या जुन्या घरांत हा प्रश्न कधी पडलाच नाही. न्हाणीत एका कोपऱ्यात तांब्याचा बंब, शेजारी घंगाळ, खाली घडीव दगडाची फरशी आणि भिंतीला लागून मोरी. पाणी फरशीवर सांडायचे, उतारावरून मोरीत जायचे आणि परसात निघायचे. नळ आले तेही भिंतीवरून उघडे, खिळ्याच्या पट्टीने धरलेले. थेंब गळला तरी दिसायचा. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी या भागांतले बंगले आणि आता उपनगरांतले मोठे फ्लॅट यांत टब येऊ लागला, तो मात्र याच न्हाणीच्या मापात. पाच फूट बाय आठ फुटांचे न्हाणीघर मोठे समजले जाते. बाजारात मिळणारा टब साधारण पाच, साडेपाच किंवा सहा फूट लांब आणि अडीच ते तीन फूट रुंद असतो. त्यामुळे पाच फुटी टब आडव्या भिंतीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत घट्ट बसवणे हाच सर्वसाधारण मार्ग. टबाच्या दोन्ही टोकांना भिंत, मागे भिंत, पुढची एकच बाजू मोकळी. पुढचे सगळे नियोजन या एका गोष्टीवरून ठरते.

तोटीच्या जागेआधी पाण्याचा हिशेब पाहावा, कारण तोटीचा प्रकार त्यावर अवलंबून असतो. साध्या टबात बसण्याजोगे पाणी भरायला दीडशे ते पावणेदोनशे लिटर लागतात. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर हे माप सर्रास धरले जाते. म्हणजे एक अंघोळ एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्याहून मोठी. कोल्हापूरला पाण्याचे वरदान आहे असे म्हणण्याची पद्धत आहे आणि भोगावती-पंचगंगेच्या काठावर ते खोटेही नाही. दुधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने येणारे पाणी २०२३ च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचले, तेव्हा शहराने त्याचा सणासारखा आनंद केला. पण धरणात पाणी असणे आणि टबाच्या तोटीतून ते जोराने पडणे या वेगळ्या गोष्टी. नळाचे पाणी घरात ठराविक वेळेला येते, जमिनीखालच्या टाकीत साठते, मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून उतरते. टबाला मिळतो तो दाब गच्चीवरच्या टाकीचा.

हा दाब मोजणे सोपे आहे. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे सुमारे एक बार. बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, मुख्य बेडरूमला जोडलेल्या न्हाणीघरात टब असेल आणि टाकी गच्चीवर तीन-चार फुटांच्या ओट्यावर असेल, तर तोटीपासून टाकीच्या तळापर्यंतची उंची साडेतीन मीटरच्या आसपास येते. म्हणजे दाब ०.३५ बार. दिखाऊ कन्सील्ड डायव्हर्टर आणि मोठ्या डोक्याचे शॉवर बहुधा अर्धा ते एक बार दाब गृहीत धरून बनवलेले असतात. मजा अशी की ज्या मजल्यावर लोकांना टब हवा असतो, नेमक्या त्याच मजल्यावर दाब सर्वांत कमी असतो. तळमजल्यावर तीन मीटर उंची जास्त मिळते. तोटीतून मिनिटाला दहा लिटर पाणी आले तर पावणेदोनशे लिटरला साडेसतरा मिनिटे लागतात. पाच लिटर आले तर पस्तीस, आणि तेवढ्यात आधी पडलेले पाणी निवायला लागते.

यावर दोन उपाय. पहिला, टाकीपासून टबापर्यंतची लाइन अर्धा इंची न ठेवता निदान पाऊण इंची ठेवणे आणि वाटेतले एल्बो कमी करणे. शेवटच्या दोन फुटांत मोठा पाइप घालून उपयोग नाही. अख्खी लाइन मोठी हवी. दुसरा उपाय प्रेशर पंपाचा. पंप घालायचा तर गरम आणि गार दोन्ही बाजूंना सारखा दाब मिळेल असा घालावा. फक्त गार लाइनवर पंप बसवला तर मिक्सरमधून गार पाणी उलटे गरम लाइनमध्ये घुसते आणि सोलर वॉटर हीटरच्या टाकीतले गरम पाणी बाहेर यायलाच तयार होत नाही. गच्चीवरच्या सोलरला बहुधा हवेचा उघडा पाइप असतो. म्हणून पंप सोलरच्या आधी लावून चालत नाही, तो त्याच्या पुढे, गरम पाणी बाहेर पडते त्या बाजूला लागतो.

गरम पाण्याचेही गणित आधीच करून ठेवलेले बरे. हिवाळ्यात टाकीतले पाणी १८ अंश सेल्सिअस, गीझरचे ६० अंश आणि अंघोळीला हवे ४० अंश असे धरले, तर दीडशे लिटर मिश्र पाण्यात जवळजवळ ८० लिटर गरम लागते. पंचवीस लिटरचा गीझर याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पुरा पडत नाही. विजेच्या भाषेत ही एक अंघोळ चार युनिटांच्या घरात जाते. दोन किलोवॉटच्या गीझरला तेवढी उष्णता द्यायला दोन तास लागतात. दोनशे लिटरचा सोलर असेल तर प्रश्न मिटतो, पण मग गच्चीवरून येणारी गरम लाइन टबाच्या कोणत्या टोकाला उतरते यावर तोटीची जागा ठरवणे शहाणपणाचे. लाइन जितकी लांब, तितके पहिले गार पाणी जास्त वाया जाते. गॅस गीझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. टब भरताना तो बराच वेळ सलग जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठून माणूस पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो. तो घराबाहेर किंवा पूर्ण हवेशीर, उघड्या जागेतच हवा.

आता तोटीची जागा. पूर्वापार पद्धत म्हणजे वेस्ट ज्या टोकाला आहे त्याच टोकाच्या भिंतीवर मिक्सर आणि तोटी बसवायची. यात एक सोय आहे: पाणी आणणारे आणि नेणारे दोन्ही पाइप एकाच भिंतीत राहतात, दुरुस्तीसाठी हात घालायची एकच झडप पुरते आणि माणूस दुसऱ्या टोकाला आरामात टेकून बसतो. गैरसोय अशी की टब भरायला लावणारा माणूस बाहेर उभा असतो. पाण्याचा गरमपणा हाताने पाहायचा, चावी फिरवायची, तर त्याला ओल्या काठावरून वाकावे लागते. म्हणून तोटी टबाच्या मध्यरेषेवरच राहू द्यावी, पण चाव्या तिथून बाजूला, मोकळ्या कडेकडे आणाव्यात. टबाच्या बाहेर सरळ उभे राहून हात पोहोचेल अशी ती जागा हवी. घरात वयस्क माणसे असतील, किंवा लहान मुलांना टबात घालून आईला बाहेरूनच नळ सांभाळायचा असेल, तर हा दीड फुटांचा फरक रोजच्या रोज जाणवतो.

दुसरी जागा मागच्या लांब भिंतीच्या मध्यावर. वेस्ट मध्यभागी असलेल्या टबाला ती शोभते, दोन्ही टोकांना टेकता येते. पण वाकणे वाढते, आणि ही भिंत जर शेजारच्या फ्लॅटची असेल तर मागून दुरुस्ती करण्याचा प्रश्नच मिटला. तिसरी पद्धत टबाच्या काठावरच मिक्सर बसवण्याची. दिसायला ती सर्वांत देखणी. कॅटलॉगमध्ये हमखास तिचाच फोटो. तिचे सगळे नरम होज आणि सांधे मात्र काठाच्या खाली लोंबतात आणि काही वर्षांनी होज बदलावेच लागतात. खालून हात घालण्याची सोय नसेल तर काठावरचा मिक्सर घेऊच नये. भिंतीतला कन्सील्ड मिक्सर तुलनेने सोशिक असतो, कारण त्याची कार्ट्रिज पुढूनच, चावी आणि तबकडी काढून बदलता येते. मागून वाट लागते ती सांध्यांसाठी.

तोटीची उंची आणि लांबी ही बाब लहान असली तरी सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तोटीचे तोंड टबाच्या काठापेक्षा किमान ५० मिमी वर हवे, १०० मिमी ठेवले तर उत्तम. टब काठोकाठ भरला तरी तोंड पाण्यात बुडता कामा नये. लांबीचा हिशेब भिंतीच्या विटेपासून नव्हे, तर लागलेल्या फरशीपासून करावा. टबाचा काठ भिंतीशी दोन ते चार इंच रुंद असतो, त्यापुढे आतली उतरती बाजू. चार इंची तोटी घेतली तर धार काठावर आदळते आणि निम्मे पाणी बाहेर उडते. सहा ते आठ इंचांची तोटी बहुतेक टबांना बरोबर बसते. शॉवरची उंची मात्र न्हाणीघराच्या फरशीपासून न मोजता टबाच्या तळापासून मोजावी, कारण उभे राहायचे तिथे असते. टबाचा तळ फरशीपेक्षा चार-सहा इंच वर असतो. नेहमीच्या सात फुटांवर शॉवर काढला तर उंच माणसाचे डोके त्याला लागते.

हँड शॉवरचा होज पाण्यात पडू शकतो, आणि तो पडतोच. वरच्या मजल्यावर टबात हँड शॉवर बुडालेला आहे, गच्चीवरची टाकी रिकामी झाली आहे आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी नळ उघडला, असे जुळून आले तर उभ्या लाइनमधले पाणी खाली उतरताना टबातले साबणाचे पाणी होजमधून ओढून घेते. ते खालच्या नळातून बाहेर येते. हँड शॉवरच्या जोडणीत एक छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की हा धोका टळतो. त्याची किंमत पूर्ण टबाच्या खर्चात मोजण्याइतकीही नसते, तरी तो क्वचितच मागवला जातो.

भिंतीच्या जाडीचा विचार प्लंबरआधी गवंड्याशी करावा लागतो. बाहेरची भिंत नऊ इंची असेल तर कन्सील्ड बॉडी तिच्यात सहज मावते. आतल्या साडेचार इंची भिंतीत बॉडी आणि दोन पाइप बसवायला चर काढला की मागे विटेची जेमतेम अर्धी जाडी उरते. तीही पलीकडच्या खोलीत खिळा ठोकताना तडकते. आडवा लांब चर तर टाळावाच. यापेक्षा जुन्या भिंतीपुढे पाच-सहा इंचांची पोकळी ठेवून दुसरी पातळ भिंत उभी करणे चांगले. त्यात पाइप मोकळे राहतात, वर साबण-शाम्पू ठेवायला फळी मिळते. न्हाणीघराची रुंदी अर्ध्या फुटाहून जास्त कमी होते, म्हणून हा निर्णय टबाचे माप ठरवण्याआधी व्हावा. नंतर सुचला तर पाच फुटी टब पाच फुटी खोलीत बसत नाही.

कन्सील्ड बॉडीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. विटेवर साधारण पाऊण इंच गिलावा, त्यावर चिकटवण्याचा मसाला, मग आठ-दहा मिमीची फरशी. फरशीचा बाहेरचा चेहरा या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. बॉडी जास्त आत गेली तर चावीचा दांडा पुरत नाही आणि एक्स्टेंशन शोधत फिरावे लागते. जास्त बाहेर राहिली तर तबकडी भिंतीला टेकत नाही आणि मागे पाणी झिरपते. म्हणून फरशीचा एक तुकडा आणि गिलाव्याच्या जाडीची लाकडी पट्टी बॉडीशेजारी धरूनच ती पक्की करावी. फरशी पूर्ण होईपर्यंत तिच्यावरची प्लास्टिकची टोपी काढू नये, नाहीतर सिमेंटचे कण कार्ट्रिजमध्ये जातात आणि नवा कोरा मिक्सर पहिल्याच दिवशी ठिबकतो.

कन्सील्डचा खटाटोप नको असेल तर साधा वॉल मिक्सर अजूनही उत्तम. डावीकडे गरम, उजवीकडे गार, दोन तोंडांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी अंतर. मिक्सरला जोडणारे वाकडे लेग फिरवून थोडाफार फरक जुळवता येतो, पण दोन्ही तोंडे एका पातळीत नसतील तर मिक्सर तिरका दिसणार तो कायमचा. गळाला की तो पान्याने काढता येतो, भिंत फोडावी लागत नाही. बोअरचे पाणी वापरणाऱ्या उपनगरांत हा मुद्दा जड ठरतो. जड पाण्याचा पांढरा थर तोटीच्या जाळीत आणि कार्ट्रिजमध्ये साचतो, त्यामुळे खोलणे-साफ करणे वारंवार येते.

पाणी आणण्यापेक्षा नेण्याची बाजू अधिक त्रासदायक. टबाच्या तळाच्या भोकात वरून वेस्टची चाळणी येते, खालून रबरी वॉशर आणि मोठा नट. दोन्हींच्या मध्ये टबाचे ॲक्रिलिक चिमटले जाते. कडेच्या वरच्या भोकातून ओव्हरफ्लोची नळी खाली येऊन ट्रॅपच्या आधी वेस्टला मिळते. पुढे ४० मिमीचा पाइप, त्यात ५० मिमी पाणी उभे राहील असा ट्रॅप, आणि तिथून मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर उतार देत मुख्य लाइन. यातला रबरी वॉशर हा सर्वांत अशक्त दुवा. माणूस टबात बसला की ॲक्रिलिकचा तळ किंचित खाली दबतो, उठला की वर येतो. हजारो वेळा हे झाल्यावर नट सैल पडतो आणि वॉशर आखडतो. थेंब तळाखाली पडतो, वरून काहीच दिसत नाही. तो नट पुन्हा आवळायला अर्धे मिनिट लागते, पण तिथपर्यंत पोहोचता आले तर.

आपल्याकडे एक सोपी पण वाईट रीत रूढ आहे. टबाखाली नहाणी ट्रॅप ठेवायचा आणि वेस्टचा नरम पाइप त्याच्या तोंडावर नुसता सोडून द्यायचा, जोड न करता. काम लवकर होते. मात्र टब एकदम रिकामा केला की तेवढे पाणी ट्रॅपला पेलत नाही, ते तोंडावरून उसळते आणि टबाखाली पसरते. नरम पाइप हळूहळू सरकतो. ट्रॅपच्या उघड्या तोंडातून झुरळे येतात आणि वासही येतो, तो ओव्हरफ्लोच्या भोकातून थेट खोलीत. टब महिनोन्‌महिने न वापरला तर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ट्रॅपमधले पाणी आटते. तेव्हा पक्क्या जोडणीतूनही वास येतो, पण त्याला बादलीभर पाणी ओतणे पुरते. उघड्या जोडणीला तो इलाज लागू पडत नाही.

ट्रॅप बसायला खोली लागते. न्हाणीघराचा स्लॅब बहुधा नऊ इंच ते फूटभर खाली घेतलेला असतो. त्यात वॉटरप्रूफिंग, पाइप आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा. स्लॅब खाली घेतलेला नसेल, तर टबच ओट्यावर चढवावा लागतो आणि आत जायला पायरी येते. ओली पायरी म्हणजे घसरण्याचे निमंत्रण, म्हणून जुन्या फ्लॅटमध्ये टबाचा हट्ट सोडलेलाच बरा.

एवढे ठरले की दुरुस्तीची वाट नकाशावर कुठे असावी ते स्पष्ट दिसते. ती वेस्टच्या टोकाशी असावी, कारण बिघाड तिथेच होणार. सर्वांत चांगली वाट त्या टोकाच्या भिंतीपलीकडून. भिंतीमागे डक्ट किंवा बंगल्याची बाहेरची बाजू असेल तर झडप तिकडे ठेवावी, काम घरात चिखल न करता होते. मागे बेडरूमचे कपाट असेल तर कपाटाच्या पाठीलाच सुटी प्लायवूडची फळी लावावी. कपडे बाजूला केले, चार स्क्रू काढले की टबाचे पोट समोर. तळमजल्यावरून वर पाहता येत असेल, म्हणजे खाली आपलेच गॅरेज किंवा स्टोअर असेल, तर तिथल्या फॉल्स सीलिंगमध्ये झाकण ठेवता येते. फ्लॅटमध्ये खाली शेजारी राहतात, तिथे ही कल्पनाच करू नये.

यातले काहीच शक्य नसेल तर पुढची बाजू. बरेच ॲक्रिलिक टब सुट्या पुढच्या पत्र्यासह मिळतात, पण घरमालकाला तो ‘हॉटेलसारखा’ दिसत नाही म्हणून त्याऐवजी वीटकाम होते. वीटकाम करायचे तर त्यात किमान एक फूट बाय एक फुटाचे भोक ठेवावे. हे अगदी कमीत कमी. एका हाताने खालचा नट धरायचा, दुसऱ्याने पाना फिरवायचा आणि त्याच वेळी बॅटरीचा प्रकाश आत पाडायचा तर दीड फूट बाय दीड फूट लागतात. भोकावर फरशी लावलेली फळी लोहचुंबकाने किंवा दाबाच्या कड्यांनी धरून ठेवता येते. ग्रॅनाइटची पट्टी असेल तर तिला दोन टोकांना पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू द्यावेत; साधा लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून असा घट्ट होतो की शेवटी ग्रॅनाइटच फोडावा लागतो. झडपेभोवतीचे सांधे सिलिकॉनने भरावेत, पांढऱ्या सिमेंटने कधीही नाही. झडपेच्या आत हात पोहोचेल तिथे गरम आणि गार दोन्ही लाइनवर एकेक बंद करण्याची चावी हवी, म्हणजे टबासाठी सगळ्या घराचे पाणी तोडावे लागणार नाही.

गवंडी टबाला आधार म्हणून खाली वाळू आणि विटांचे तुकडे ठासून भरतात. आधार खरोखर लागतो, पण वेस्टच्या टोकाकडे दीड-दोन फूट जागा मोकळी ठेवून. नाहीतर झडप उघडून समोर ओली वाळूच दिसते. पाण्याच्या जेटचा टब असेल तर पंपाच्या टोकालाही दुसरी झडप लागते. त्या पंपाला अर्थिंग आणि गळणारा विद्युत प्रवाह क्षणात तोडणारा आरसीसीबी सक्तीचा मानावा, आणि स्विच टबात बसून हात पोहोचणार नाही असा.

टबाखालची जमीन हा उपेक्षित भाग. वॉटरप्रूफिंग टबाखालीही अखंड हवे, भिंतीवर टबाच्या काठाच्या वरपर्यंत चढलेले. टबाखालच्या फरशीला न्हाणीघराकडे हलका उतार द्यावा आणि पुढच्या वीटकामात खाली एक बारीक छिद्र ठेवावे. गळती झाली की पाणी त्या छिद्रातून बाहेर येईल आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात येईल. छिद्र नसेल तर ते स्लॅबमध्ये मुरत राहील आणि ओल सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या छताला दिसेल. वजनाकडेही पाहावे. ॲक्रिलिकचा टब हलका असतो, पण १८० लिटर पाणी, एक माणूस आणि टब मिळून तीनशे किलोच्या जवळ जातात आणि हे वजन सव्वा चौरस मीटरवर येते. घरगुती स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या चल भाराने आखलेला असतो. नव्या बांधकामात टबाची जागा इंजिनिअरला आधी सांगितली की काम भागते. जुन्या इमारतीत त्याला विचारल्याशिवाय टब चढवू नये. ओतीव लोखंडाचा टब घेतला तर वजन आणखी वाढते. फौंड्रींच्या या गावातही तसा टब विरळाच, ते एका परीने बरेच आहे.

पंचगंगेच्या पूररेषेतल्या घरांना आणखी एक विचार करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, बापट कॅम्प हे भाग पाण्याखाली गेले. पूर दारातून येण्याआधी ड्रेनेजमधून उलटा येतो आणि तळमजल्यावरची सर्वांत खालची ट्रॅपची तोंडे त्याला पहिली सापडतात. टबाखालचा ट्रॅप हा त्यातलाच. अशा भागात तळमजल्यावर बांधीव टब नकोच. हवाच असेल तर बाहेरच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न फ्लॅप आणि टबाखाली साफ करता येईल एवढी मोठी झडप, दोन्ही हवेत. पुराचा गाळ बंद वीटकामात शिरला तर तो काढायचा दुसरा मार्ग नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा. आधी टब साइटवर आणून प्रत्यक्ष मोजावा. कॅटलॉगमधली वेस्टची जागा आणि हातात आलेल्या टबाची जागा यांत इंचभर फरक असू शकतो. मग पाइप टाकून तोंडे प्लगने बंद करावीत आणि हातपंपाने दाब देऊन निदान काही तास काटा उतरत नाही ना ते पाहावे. गरम लाइनला सीपीव्हीसीच हवी, साधी पीव्हीसी गरम पाण्यात नरम पडते. दाबाची परीक्षा झाली की गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढावा. आरसा टांगताना ड्रिल पाइपमध्ये जाते ते हा फोटो नसल्यामुळे. त्यानंतर टब पाणसळीने समतल बसवून ओव्हरफ्लोच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत भरावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी खाली कोरडा कागद फिरवावा, मग टब एकदम रिकामा करून पुन्हा फिरवावा, कारण गळणारा सांधा कित्येकदा पाणी वाहतानाच उघडा पडतो. टब भरलेला असतानाच भिंत आणि काठ यांच्यातला सांधा सिलिकॉनने भरावा. रिकाम्या टबाला भरलेला सांधा पहिल्या अंघोळीतच ताणून फाटतो.

पुढचे वीटकाम आणि झडप या परीक्षांनंतर. त्याच फरशीचे चार-सहा नग, मिक्सरच्या कार्ट्रिजचा नंबर आणि पाइपांचे फोटो एका पाकिटात घालून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावेत. दहा वर्षांनी तीच फरशी बाजारात मिळत नाही, आणि भिंतीवरून पुसट झालेल्या नावावरून कार्ट्रिज शोधणे दुकानदारालाही जमत नाही.